८०८५ किटमधली जुनी २७१६ ईप्रॉम: पुसून पुन्हा लिहू का?

कृष्णाकाठची (रविवार, रात्री ९:१२)

नमस्कार मंडळी. मी एका तंत्रनिकेतनात शिकवते. गेल्या महिन्यात आमच्याकडे डेडस्टॉकची तपासणी झाली आणि निर्लेखनाच्या यादीत ८०८५ मायक्रोप्रोसेसर शिकवायचे जुने ट्रेनर किट निघाले. बाकीचे भंगारात गेले. एक मी रीतसर अर्ज करून विभागात ठेवून घेतला. लाकडी पेटी, सहा आकड्यांचा लाल डिस्प्ले, हेक्स (० ते ९, ए ते एफ) कीपॅड. ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात इलेक्ट्रॉनिक्स केलंय त्यांना वर्णनाची गरज नाही.

पॉवर सप्लाय तपासला, ५ व्होल्ट बरोबर येतात. क्रिस्टल चालतंय. पण डिस्प्लेवर नुसत्या अर्धवट रेघा उमटतात. रिसेट दाबला की रेघा बदलतात, कीपॅडला मात्र काहीच प्रतिसाद नाही. माझा संशय मॉनिटर प्रोग्रॅमच्या (किटचा डिस्प्ले-कीपॅड सांभाळणारा मूळ प्रोग्रॅम) ईप्रॉमवर आहे, म्हणजे यूव्ही प्रकाशाने पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरी चिपवर. २४ पायांची, खिडकीवाली २७१६. खिडकीवर कागदी स्टिकर आहे, त्याचा एक कोपरा सुटून वर आलाय, आणि त्यावर बॉलपेनने लिहिलंय: "मॉनि. सुधा."

दुसऱ्या एका किटचा मॉनिटर मला नेटवर मिळाला आहे. ही चिप पुसून त्यात तो लिहावा असं मनात आहे. यूव्ही इरेजर हल्ली कुठे मिळतो? आणि २७१६ लिहायला २५ व्होल्ट लागतात म्हणे, ते कसे जमवायचे?

पाचव्होल्ट (रविवार, रात्री ९:३१)

ताई, थांबा! पुसू नका. आधी वाचून घ्या. चिप खराब असली तरी वाचा. एकदा यूव्हीखाली गेली की आत जे काही होतं ते कायमचं गेलं.

फक्त_वाचक (रविवार, रात्री ९:४०)

+१. आधी वाचा.

जुनाजाणता (रविवार, रात्री १०:५५)

मी १९८६ पासून बावीस वर्षं मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या स्टिकरवरचं "सुधा." म्हणजे सुधारित. किटबरोबर जे मॅन्युअल यायचं, त्याच्या शेवटी मॉनिटर प्रोग्रॅमचं सगळं लिस्टिंग छापलेलं असायचं. इंटेलच्या एसडीके-८५ या ८०८५ किटच्या मॅन्युअलमध्येही ते होतं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच किटांची घडण त्याच धर्तीची. त्यामुळे हौशी प्राध्यापक आणि लॅब असिस्टंट मॉनिटरमध्ये स्वतःच्या गोष्टी घालायचे. कोणी ब्लॉक मूव्ह (मेमरीतले बाइट एका जागेवरून दुसरीकडे हलवणं) नीट करून घ्यायचा, कोणी स्टेपर मोटरचं रुटीन कायमचं आत बसवायचा, म्हणजे पोरांना दरवेळी तीस-चाळीस बाइट हाताने भरायला नकोत. कागदावर असेंब्ली लिहायची, ऑपकोडच्या (प्रत्येक सूचनेच्या आकड्याच्या) तक्त्यातून एकेक बाइट शोधायचा, जंपचे पत्ते बोटांवर मोजायचे. एक बाइट मध्ये घुसवला की पुढचे सगळे पत्ते पुन्हा. तुमच्या चिपमध्ये असं कोणाचं तरी काम आहे, आणि ते बहुधा फक्त तिथेच आहे. नेटवरचा मॉनिटर त्याच्या जागी बसवणं मला पटत नाही.

शिवाय दुसऱ्या किटचा मॉनिटर तुमच्या किटवर चालेलच असं नाही. डिस्प्ले-कीपॅड सांभाळणाऱ्या ८२७९ चिपचे पोर्ट पत्ते, रॅम कुठून सुरू होते, हे प्रत्येकाचं वेगळं.

आता निदान. चिप सॉकेटमधून काढा, पाय बघा, साफ करा, परत बसवा. माझ्या अनुभवात दहापैकी चार किट एवढ्यानेच उठले.

मांडवी (सोमवार, सकाळी ७:२०)

जुनाजाणता यांच्याशी सहमत. मी पणजीला असते. इथल्या हवेत जुन्या चिपांचे पाय काळे पडलेले नेहमी दिसतात. चांदीचा मुलामा असलेले पाय गंधकाने काळवंडतात, देवघरातल्या चांदीच्या निरांजनासारखे. फायबरग्लासच्या पेनाने किंवा साध्या खोडरबराने हलकेच घासायचे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. जोर लावू नका, पाय मुळाशी तुटतो आणि मग रडायची वेळ येते. चिप उचलताना दोन्ही टोकांकडून थोडं थोडं.

आणि ते सुटलेलं स्टिकर आधी झाका! वरून ॲल्युमिनियमचा चिकट पट्टा लावा. नुसता कागद उजेड पुरता अडवत नाही.

तपकीर_गल्ली (सोमवार, सकाळी १०:०५)

इरेजरबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून सांगतो. ताई आत्ता नाही पुसणार, पण पुढे कोणाला तरी लागेल.

ईप्रॉम पुसायला २५३.७ नॅनोमीटरचा यूव्ही लागतो. घरच्या पाण्याच्या यूव्ही फिल्टरमध्ये जी ट्यूब असते, तिचा प्रकाश याच तरंगलांबीचा. ती ट्यूब आणि तिचा चोक आणायचा, पत्र्याच्या डब्यात बसवायचा, चिप ट्यूबपासून साधारण एक इंचावर, खिडकी वर. पंधरा-वीस मिनिटांत साफ. खिडकीवर जुन्या स्टिकरचा गोंद राहिला असेल तर मात्र तासभर ठेवूनही काही होत नाही, तो आधी पुसा.

नोटा तपासायचा जांभळा दिवा आणून फसू नका. त्याची तरंगलांबी ३६५ च्या पुढे, त्याने काम होत नाही. चिपची खिडकी क्वार्ट्झची असते ती याचसाठी. साधी काच असती तर हा यूव्ही आत गेलाच नसता.

रानजाई (सोमवार, दुपारी १:४८)

मी नेत्रतज्ज्ञ आहे. वरच्या प्रतिसादात एक गोष्ट राहिली, ती ठळकपणे लिहिते: ती ट्यूब चालू असताना डबा बंदच हवा. एक क्षणसुद्धा डोकावू नका. झाकण उघडलं की ट्यूब आपोआप बंद होईल असा स्विच लावाच.

वेल्डिंग लागलेले कामगार आमच्याकडे येतात, तोच प्रकार. त्या क्षणी काहीच जाणवत नाही. सहा-आठ तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही, डोळा उघडवत नाही. एक-दोन दिवसांत भरून येतं, पण ते दोन दिवस फार वाईट. काचेआडून बघणं तरी कशाला? बघण्यासारखं तिथे काही नसतं.

फक्त_वाचक (सोमवार, दुपारी २:१५)

उन्हात ठेवून पुसता येत नाही का? मे महिन्यात गच्चीवर?

अर्धवाहक (सोमवार, दुपारी ३:३०)

येतं, पण फार हळू. इंटेलच्या माहितीपत्रकात थेट उन्हात अंदाजे एक आठवडा आणि ट्यूबलाइटच्या उजेडात अंदाजे तीन वर्षं दिलं आहे. ४०० नॅनोमीटरच्या खालचा उजेड थोडा थोडा परिणाम करतोच. तीन वर्षांचा आकडा महत्त्वाचा आहे, कारण प्रयोगशाळेत उघड्या खिडकीची चिप वर्षानुवर्षं ट्यूबखाली राहिली तर नेमकं हेच होणार.

आत काय घडतं ते सांगतो. प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर, त्याचं एक गेट चहूबाजूंनी ऑक्साइडच्या वेष्टनात, कशालाही न जोडलेलं. लिहिताना २५ व्होल्टच्या जोराने इलेक्ट्रॉन त्या गेटवर ढकलले जातात आणि तिथेच अडकतात. इलेक्ट्रॉन अडकला तो ०, रिकामा तो १. म्हणून पुसलेली चिप सगळी एफएफ (आठही बिट १) वाचते. यूव्हीने इलेक्ट्रॉनांना उडी मारायचं बळ मिळतं आणि ते निसटतात.

डोव फ्रोमन यांना इंटेलमध्ये ही कल्पना सुचली ती दुसऱ्याच एका चिपमधले दोष शोधताना. काही ट्रान्झिस्टरांची गेटं तुटून अधांतरी राहिली होती आणि त्यांच्यावर भार साठत होता. त्या दोषाचाच त्यांनी उपयोग करून घेतला. १९७१ मध्ये १७०२ ही पहिली ईप्रॉम आली, २०४८ बिटांची, म्हणजे अवघे २५६ बाइट.

भोसरीकर (सोमवार, रात्री ८:१०)

थोडं अवांतर, पण विषय तोच. मी भोसरी एमआयडीसीत मशीन मेंटेनन्स बघतो. आमच्याकडे जुन्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनचे पॅरामीटर बॅटरीवर टिकणाऱ्या रॅममध्ये असतात. एका कारखान्यात दिवाळीच्या सुट्टीत मशीन बंद असताना एका माणसाने साफसफाईबरोबर बॅटरीही बदलली. चांगल्या मनाने केलं बिचाऱ्याने. बॅटरी काढली त्या क्षणी सगळे पॅरामीटर गेले. पाडव्यानंतर मशीन उघडलं तर त्याला आपले अक्ष किती लांबीचे हेसुद्धा माहीत नव्हतं. मशीनच्या दाराआत चिकटवलेला पॅरामीटरचा कागद तेलाने अर्धा पुसलेला. नऊ दिवस लागले.

तेव्हापासून माझा नियम: बॅटरी नेहमी मशीन चालू ठेवून बदलायची, आणि त्याआधी पॅरामीटर दोन ठिकाणी उतरवून घ्यायचे. पाचव्होल्ट म्हणतात तेच. आधी वाचा.

सूरपेटी (सोमवार, रात्री ९:००)

भोसरीकर, आमच्या वाद्यांतही हेच. माझ्याकडे १९८३ सालचा यामाहा डीएक्स७ सिंथेसायझर आहे. त्यातले ३२ आवाज आतल्या ३ व्होल्टच्या बॅटरीवर जगतात, आणि ती बॅटरी बोर्डाला चक्क सोल्डर केलेली असते. ज्यांच्याकडून घेतला त्यांनी ऑर्केस्ट्रासाठी स्वतः बनवलेली सनई आणि एक घुंगरू त्यात होतं. बॅटरी बदलण्याआधी मी मिडीवरून (वाद्य-संगणक जोडणी) सगळे आवाज संगणकात उतरवून घेतले. ४१०४ बाइटची एक फाइल, बस्स. ती सनई अजून वाजते.

थेम्सकाठचा (मंगळवार, पहाटे ३:२५)

इथे इंग्लंडमध्ये बीबीसी मायक्रो या ऐंशीच्या दशकातल्या संगणकाच्या चाहत्यांचा मोठा गोतावळा आहे. १९८४ नंतर आपल्याकडे शाळांमध्ये 'क्लास' या संगणक शिक्षणाच्या प्रकल्पात हेच संगणक आले होते. माझी पहिली बेसिक प्रोग्रॅमची ओळ नागपूरला त्याच्यावरच उमटली. त्या मशीनमध्ये जादा रॉमसाठी रिकामी सॉकेट असायची, १६ किलोबाइटची २७१२८ लिहून खोचायची. माझ्याकडच्या मशीनमध्ये एका शाळेने बनवून घेतलेली रॉम निघाली. इथल्या मंडळींनी पहिलं वाक्य तेच उच्चारलं जे पाचव्होल्ट यांनी उच्चारलं.

पाचव्होल्ट (मंगळवार, सकाळी ९:१५)

वाचायची पद्धत सांगतो. वाचताना २५ व्होल्ट लागत नाहीत, ५ व्होल्टच पुरतात. प्रोग्रॅमर (चिप वाचायचं-लिहायचं यंत्र) नसला तरी अर्डुइनो मेगा हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड चालेल. ११ पत्त्याच्या तारा आणि ८ डेटाच्या, म्हणजे १९ तारा. अर्डुइनोच्याच साध्या उनोवर सिरियलच्या दोन पिना सोडल्या तर १८ उरतात, म्हणून मेगा घ्या. १८ आणि २० नंबरचे पाय ग्राउंडला, २१ आणि २४ नंबरचे ५ व्होल्टला. २०४८ पत्ते एकेक करून वाचायचे.

आणि एकदा वाचून थांबू नका. दहा वेळा वाचा आणि दहाही फाइली ताडून बघा.

चिपवर "टीएमएस२७१६" असं लिहिलेलं नाही ना, ते मात्र आधी बघा. त्या चिपला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, तिचं नाव फक्त सारखं आहे.

कृष्णाकाठची (बुधवार, रात्री ११:४०)

सगळ्यांचे मनापासून आभार. पुसायचा विचार सोडला. जुनाजाणता सरांचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला, मी किती सहज ती चिप पुसणार होते.

पाय काळेच होते, साफ केले. फरक पडला नाही. टीएमएस नाही, साधी २७१६ आहे. दोन विद्यार्थी थांबले होते, त्यांच्याबरोबर मेगावर तारा लावल्या.

चिप रिकामी नाही! सुरुवातीलाच सी३, म्हणजे जंप, दुसऱ्या पत्त्यावर जायची सूचना. ००२४, ००२सी, ००३४, ००३सी या पत्त्यांवरही सी३. ट्रॅप आणि आरएसटी ५.५, ६.५, ७.५ च्या जागा (बाहेरून इंटरप्ट आला की ८०८५ जातो ते पत्ते), म्हणजे हा खरोखर ८०८५ चा प्रोग्रॅम आहे. पण दहा फाइली सारख्या नाहीत. २०४८ पैकी तीन बाइट कधी एक वाचतात, कधी दुसरं. बाकीचे २०४५ दहाही वेळा तेच.

जुनाजाणता (गुरुवार, सकाळी ६:३०)

वा! ही चिप वाचवता येणार.

ज्या बिटांचा भार गळत आलाय ते काठावर आले आहेत. अर्धवाहक यांनी सांगितल्याप्रमाणे भार असेल तर ०. भार कमी झाला की तो ० हळूहळू १ सारखा दिसायला लागतो. उलटं सहसा होत नाही. आता चिपला पुरवठा कमी करा. पुरवठा कमी म्हणजे ट्रान्झिस्टरच्या वरच्या गेटवरही व्होल्टेज कमी, मग अर्धवट भारसुद्धा त्याला बंद ठेवायला पुरतो आणि ० परत ० दिसतो.

त्यासाठी काही आणायला नको. २४ नंबरच्या पायाकडे जाणाऱ्या ५ व्होल्टच्या तारेत एक १एन४००७ डायोड घाला. सुमारे ४.३ व्होल्ट मिळतील. हळू वाचा, पत्ता दिल्यावर थोडं थांबा.

तपकीर_गल्ली (गुरुवार, सकाळी ११:१०)

सर, आदर राखून असहमत. ताई, ते तीन बाइट नेमके कोणते आणि कोणता बिट हलतोय? मला सॉकेटचा किंवा ब्रेडबोर्डचा ढिला संपर्क वाटतो. डायोड घालून तुम्ही चिप तिच्या ठरलेल्या मर्यादेखाली चालवणार, मग जे येईल त्यावर भरवसा कसा ठेवायचा?

कृष्णाकाठची (गुरुवार, दुपारी १२:०२)

तिन्ही ठिकाणी एकच बिट, बिट ३. म्हणजे १३ नंबरचा पाय.

तपकीर_गल्ली (गुरुवार, दुपारी १२:०९)

बघा. एकच पाय. तो घासा परत.

अर्धवाहक (गुरुवार, दुपारी २:४५)

तपकीर_गल्ली, शंका रास्त आहे. पण पाय ढिला असता तर त्या बिटाचे हजारभर पत्ते डळमळले असते, आणि दरवेळी वेगळे. इथे दहा वेळा वाचून तेच तीन पत्ते. दोष चिपच्या आतच आहे. प्रत्येक डेटा बिटासाठी चिपवर सेलांचा वेगळा पट्टा असतो. स्टिकरचा सुटलेला कोपरा त्या बाजूला असेल तर उजेड तिथेच जास्त पोचला असेल, हा माझा अंदाज.

कमी व्होल्टेजबद्दल: एका वाचनावर भरवसा ठेवू नये हे खरं. ५ वर दहा, ४.३ वर दहा, आणि मग निघालेला प्रोग्रॅम अर्थपूर्ण आहे का हे ऑपकोडवरून तपासायचं. यंत्राचा कोड स्वतःच साक्ष देतो.

कृष्णाकाठची (शुक्रवार, रात्री १०:२०)

डायोड घातला. दहाच्या दहा फाइली तंतोतंत सारख्या!

आता ते तीन बाइट. पहिला, ५ व्होल्टवर बहुतेक वेळा २९ यायचा, ४.३ वर २१. २१ म्हणजे एलएक्सआय एच, तीन बाइटची सूचना. २९ म्हणजे डीएडी एच, एकाच बाइटची. म्हणजे पुढचे दोन बाइट, जे खरं तर पत्ता होते, ते प्रोसेसर सूचना समजून चालवत होता. दुसरा डीबीचा डी३ झाला. डी३ म्हणजे आउट, डीबी म्हणजे इन! हा बाइट सुरुवातीच्या रुटीनमध्ये ८२७९ ला डिस्प्ले साफ करायची आज्ञा देतो. किट आज्ञा द्यायच्या ऐवजी तिथून काहीतरी वाचत बसला होता. एका बिटाने. मी फळ्यावर दोन्ही बाइट एकाखाली एक लिहिले: ११०१ ००११ आणि ११०१ १०११. पोरं बराच वेळ नुसती बघत होती.

तिसरा बाइट सूचना नाही, तो शेवटाकडच्या एका छोट्या तक्त्यात आहे. सहा बाइट: ६डी, ७७, ५४, ३डी, ३८, ०६. यातला ५४ आधी ५सी वाचायचा. सुरुवातीचं रुटीन हे सहा बाइट उचलून डिस्प्लेकडे पाठवतं. मॅन्युअल नाही, त्यामुळे हे काय आहे ते कळत नाही. कोणाला काही सुचतं का?

फक्त_वाचक (शुक्रवार, रात्री ११:०४)

मी इलेक्ट्रॉनिक्सचा नाही, पण कोडी आवडतात. सहा बाइट आणि डिस्प्लेही सहा आकड्यांचा. सात रेघांच्या डिस्प्लेचा तक्ता शोधला आणि सगळ्यात वरची रेघ बिट ० धरून वहीत रेघा काढल्या.

६डी: एस (किंवा ५). ७७: ए. ५४: छोटा एन. ३डी: जी. ३८: एल. ०६: आय (किंवा १).

सांगली!!

मांडवी (शुक्रवार, रात्री ११:०९)

अगं बाई! काय सुंदर.

जुनाजाणता (शनिवार, पहाटे ५:५०)

फक्त_वाचक, शाबास. एसडीके-८५ रिसेट केला की डिस्प्लेवर "-८० ८५" यायचं. आपल्या माणसाने त्या जागी गावाचं नाव घातलं. ५४ चा ५सी झाला म्हणजे एनच्या खाली एक रेघ येऊन त्याचा ओ झाला असता. ४.३ व्होल्टचं वाचन खरं असल्याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

तपकीर_गल्ली (शनिवार, सकाळी ९:४०)

मान्य. सर बरोबर होते, माझा अंदाज चुकला. आता पुढचं. मूळ चिपमध्येच परत लिहा. पुसायची गरज नाही: तीच माहिती वरून पुन्हा लिहिली की प्रत्येक ० ला नवा भार मिळतो. बाइटला ५० मिलिसेकंद, २०४८ बाइटला पावणेदोन मिनिटं. पण प्रोग्रॅमर २५ व्होल्ट देणारा हवा. टीएल८६६-टू प्लस १८ व्होल्टपर्यंतच जातो, त्याने होणार नाही. टी४८ देतो २५.

पाचव्होल्ट (शनिवार, सकाळी १०:१८)

मी मूळ चिपला हात लावणार नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एका जुन्या टर्मिनलची २७३२ए होती. साधी २७३२ समजून मी २५ व्होल्ट दिले. त्या 'ए'ला २१ लागतात. चिप तापली आणि गेली. त्यातली माहिती दुसरीकडे कुठेच नव्हती. ती चूक मला अजून बोचते.

त्यापेक्षा २८सी१६ घ्या. ती विजेने पुसता येणारी, लिहायलाही ५ व्होल्टच, म्हणजे तुमचा मेगाच पुरेल. २७१६ च्या सॉकेटमध्ये जशीच्या तशी बसते: २७१६ चा २१ नंबरचा पाय वाचताना ५ व्होल्टला असतो, आणि २८सी१६ ला तिथेच लेखन बंद ठेवायला उंच पातळी हवी असते. जुन्या साठ्यातल्याच मिळतात, दोन-तीन मागवा, एखादी खराब निघते. हे २७३२ च्या सॉकेटला मात्र लागू नाही, तिथे २१ नंबरला पत्त्याची तार येते.

भोसरीकर (शनिवार, सकाळी ११:००)

पाचव्होल्टला माझं मत. मूळ प्रत कपाटात, नक्कल कामाला.

तपकीर_गल्ली (शनिवार, सकाळी ११:२५)

ठीक आहे, पण मूळ चिप नुसती कपाटात ठेवली तर तिचा भार गळतच राहणार हे लक्षात घ्या. कधीतरी चांगल्या प्रोग्रॅमरवर तिला नवा भार द्याच, घाई नाही.

कृष्णाकाठची (पुढचा शनिवार, संध्याकाळी ६:३३)

२८सी१६ कुरियरने परवा आल्या. तीन मागवल्या, एक लिहिलीच जाईना, दुसरी नीट लिहिली गेली. पाचदा वाचून मूळ फाइलीशी ताडली. मूळ २७१६ वर ॲल्युमिनियमचा पट्टा लावला, पण बॉलपेनचं ते स्टिकर आधी जपून काढून डेडस्टॉक रजिस्टरच्या त्या किटच्या पानावर चिकटवलं. चिप काळ्या फोममध्ये, बंद डबीत. तपकीर_गल्ली दादा, तुमचं लक्षात ठेवते, २५ व्होल्टचा प्रोग्रॅमर मिळाला की पहिलं काम तेच.

आज दुपारी नवी चिप बसवली. स्विच टाकला. पाऊण सेकंद काही नाही, मग डावीकडून एकेक अक्षर लाल उजळत गेलं: एस, ए, छोटा एन, जी, एल, आय. मागे बसलेल्या मुलांनी एका सुरात वाचलं. मी ८०००एच पत्ता टाकला, ३ई भरला, पुढचा पत्ता, ०५, आणि कीपॅडचा प्रत्येक टक ऐकू येत होता.

आमच्या जुन्या एका शिपाईमामांना फोटो पाठवला. ते म्हणाले, "हां, हे येत होतं की सकाळी किट लावल्यावर!" कोणी लिहिलं ते त्यांना आठवत नाही. विभागाच्या जुन्या नोंदवह्या शोधते आहे.

फाइलीत ०६४० पासून दोनशे बाइटचं एक रुटीन आहे, ते ८२५५ या इनपुट-आउटपुट चिपच्या एका पोर्टवर चार बिटांचा क्रम फिरवतं. स्टेपर मोटर असावी. पण मध्ये ते एका दुसऱ्या पोर्टकडून काहीतरी वाचून वाट बघतं. डिसअसेंब्ली (बाइटांवरून उलगडलेल्या सूचना) रात्री टाकते, जुनाजाणता सर, बघाल का?

जुनाजाणता (पुढचा शनिवार, संध्याकाळी ६:४१)

टाका. मी जागा आहे.